भांडण मुलांचं, तोडगाही मुलांचा

(वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



शाळा बंद असताना शाळेवर बोलायला बोलावलंत, हे बरं केलंत. शाळा सुरू असली की घंटा, हजेरी, पोषण आहाराची नोंद, परीक्षा यांच्यामधून विचार करायला सवड मिळत नाही. सुट्टीत ती मिळते.

वसंत ऋतूत व्याख्यानं ठेवण्याची प्रथा न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात १८७५ साली सुरू केली, हे इथल्या श्रोत्यांना सांगायला नको. त्याच काळातलं आणखी एक काम मात्र आपण जवळपास विसरलो आहोत. पुणे सार्वजनिक सभा या संस्थेच्या मंडळींनी लोकांचे तंटे कोर्टाबाहेर मिटावेत म्हणून लवाद कोर्टं उभी केली आणि रानड्यांचा त्याला पाठिंबा होता. स्वतः सरकारी न्यायाधीश असलेला माणूस म्हणत होता की प्रत्येक भांडण न्यायाधीशापुढे यायची गरज नाही. दीडशे वर्षांनी मी तीच गोष्ट शाळेच्या बाबतीत म्हणणार आहे. वर्गातलं प्रत्येक भांडण बाईंपुढे किंवा सरांपुढे यायची गरज नाही. शिकवून तयार केलेली मुलं आपल्याच बरोबरीच्या मुलांची भांडणं मिटवू शकतात. जगभर याला समवयस्क मध्यस्थी म्हणतात. आमच्या शाळेतली मुलं अशा मुलांना सरळ ‘मिटवणारे’ म्हणत, आणि मीही आज तोच शब्द वापरीन.

आधी नेहमीचा प्रकार आठवा. मधली सुट्टी संपत आली आहे. दोन मुलं शिक्षक-खोलीच्या दाराशी येतात, मागे दहा-बारा साक्षीदारांची वरात. ‘बाई, ह्याने आधी मारलं.’ ‘नाही बाई, हाच आधी आईवरून बोलला.’ बाईंच्या हातात खडू आहे, पुढच्या तासाची घंटा झाली आहे. त्या विचारतात, ‘सुरुवात कोणी केली?’ दोन्हीकडचे साक्षीदार एकदम बोलू लागतात. मग बाई निकाल देतात: ‘दोघंही चुकलात. सॉरी म्हणा. हात मिळवा.’ हात मिळतात. संध्याकाळी फाटकाबाहेर ‘बघून घेतो’ हे शब्दही ऐकू येतात.

यात बाईंचा दोष नाही. पन्नास-साठ मुलांच्या वर्गात त्यांच्याकडे तीन मिनिटं असतात. पण ‘सुरुवात कोणी केली’ हा प्रश्न न्यायाधीशाचा आहे. त्याचं उत्तर मिळालं तर शिक्षा कोणाला द्यायची ते ठरतं. उद्या ही दोघं एका बाकावर कशी बसणार, ते त्यातून ठरत नाही.

नॉर्वेचे गुन्हेशास्त्रज्ञ निल्स ख्रिस्ती यांनी १९७७ साली एक निबंध प्रसिद्ध केला. त्यातला विचार मला या विषयात सगळ्यात मोलाचा वाटतो. ते म्हणतात, भांडण ही भांडणाऱ्यांची मालमत्ता असते आणि वकील, न्यायाधीश, तज्ज्ञ ती त्यांच्याकडून काढून घेतात. ज्याचं नुकसान झालं तो कोर्टात मागच्या बाकावर बसतो आणि त्याच्या वतीने दुसरेच बोलतात. दुसऱ्याला काय लागलं, आपल्याला काय हवं होतं, एकत्र कसं राहायचं, हे शिकण्याची संधी त्या भांडणात असते आणि ती हातची जाते. या विचाराचा परिणाम कागदापुरता राहिला नाही. १९८१ साली लिएर नावाच्या गावी अल्पवयीन मुलांच्या किरकोळ गुन्ह्यांसाठी तडजोड मंडळ सुरू झालं आणि १९९१ मध्ये नॉर्वेने अशा मंडळांसाठी कायदाच केला.

निल्स ख्रिस्ती हे कोर्टाविषयी बोलत होते. मला त्यात आपली शिक्षक-खोली दिसते. मुलांचं भांडण आपण चांगल्या हेतूने ताब्यात घेतो, झटपट निकाली काढतो, आणि त्यातून त्यांना जे शिकता आलं असतं ते राहूनच जातं.

एक भांडण सविस्तर सांगते. ते सांगण्याची मुभा मला त्यातल्याच एका मुलाने दिली आहे. तो पुढे आयटीआयला गेला, तेव्हा भेटायला आला असताना त्याने मिटवणाऱ्यांपुढे काय झालं ते सगळं सांगितलं. गावाचं नाव मी सांगणार नाही. शाळेच्या मैदानाला लागून उसाचं शेत होतं. सातवीची मुलं वर्गणी काढून आणलेल्या चेंडूने क्रिकेट खेळत. मैदानावरचा जुना नियम: ज्याने मारला त्याने आणायचा. एका दुपारी या मुलाने मारलेला चेंडू उसात गेला आणि त्याने आणायला जायला साफ नकार दिला. दुसऱ्याने त्याची कॉलर धरली, शर्टाची बटणं तुटली, मग दोघं मातीत लोळले.

माझ्याकडे आले असते तर मी काय निकाल दिला असता? शर्ट फाडणारा दोषी, नियम मोडणाराही दोषी, दोघांनी एकमेकांची माफी मागा. पण त्या वर्षी आमच्याकडे मिटवणारी मुलं तयार झाली होती. नववीतली एक मुलगी आणि आठवीतला एक मुलगा अशी जोडी या दोघांना घेऊन ग्रंथालयाच्या कोपऱ्यातल्या सतरंजीवर बसली. मी पलीकडच्या खोलीत, हाक ऐकू येईल इतक्या अंतरावर.

त्या मुलीने आधी नियम सांगितले. एक बोलत असताना दुसऱ्याने मध्ये बोलायचं नाही, शिवी नाही, खरं सांगायचं, इथलं बाहेर न्यायचं नाही. मग दोघांना आळीपाळीने बोलू दिलं आणि प्रत्येकाचं म्हणणं तिने आपल्या शब्दांत परत सांगून विचारलं, ‘असंच ना?’ त्यानंतर तिने विचारलं, ‘मग तू चेंडू आणायला का नाही गेलास?’ मुलगा गप्प. तीही गप्प बसून राहिली. बोलायची घाई केली नाही की उपदेश केला नाही. शेवटी मुलगा म्हणाला, ‘माझे वडील त्या शेतात रोजाने जातात. मालक म्हणालाय, शाळेची पोरं आत शिरली तर तुझा रोज कापीन.’

शर्ट धरणाऱ्याला हे ठाऊकच नव्हतं. मग त्याचं दुखणं बाहेर आलं. वर्गणीत सगळ्यात जास्त पैसे त्याने भरले होते, आधीचे चेंडूही असेच हरवले होते, आणि घरी ‘परत पैसे मागू नकोस’ असं त्याला बजावलं होतं. या दोन गोष्टी सतरंजीवर आल्यावर तोडगा निघायला वेळ लागला नाही. त्यांच्या वहीत मी नंतर वाचला, मुलांच्याच अक्षरात: चेंडू उसात गेला की बॅट्समन आऊट. आणायला कोणी जायचं ते टीमने ठरवायचं, मारणाऱ्यावर सक्ती नाही. पुढची वर्गणी सगळ्यांनी सारखी. बटणं शर्ट धरणाऱ्याने लावून द्यायची. खाली दोघांच्या सह्या. ‘वडील’ हा शब्द वहीत कुठेही नव्हता. आउटचा नियम झाल्यावर उसाच्या दिशेचे फटके आपोआप कमी झाले, हे माझ्या कधी डोक्यात आलं नसतं.

कोणी म्हणेल, ही मुलगी उपजत शहाणी असेल. असेलही. पण ‘असंच ना?’ हे विचारणं आणि प्रश्न विचारून गप्प राहणं या शिकवलेल्या गोष्टी होत्या. मिटवणाऱ्या मुलांना साधारण पंधरा ते वीस तासांचं प्रशिक्षण लागतं, तेही खोटी भांडणं उभी करून, भूमिका घेऊन, पुनःपुन्हा. त्यांना सगळ्यात जड जातं ते एकच: सल्ला न देणं. ‘तू असं कर’ हे वाक्य ओठांवर येतं आणि गिळावं लागतं. लवाद निकाल देतो. मिटवणाऱ्याला निकाल देण्याचा हक्कच नसतो. तो दोघांना बोलतं करतो, ऐकायला लावतो, काय काय करता येईल ते त्यांच्याकडूनच काढून घेतो, ठरलेलं लिहितो आणि आठवड्याने ‘चाललंय ना?’ म्हणून विचारतो. बसायचं की नाही, हेही भांडणाऱ्यांनीच ठरवायचं. बळजबरीने बसवलेली मुलं आपण सांगू ते कबूल करतात आणि बाहेर जाऊन विसरतात.

मिटवणारी मुलं निवडायची कशी? इथे शाळा हमखास घसरतात. पहिल्या तीन नंबरांची मुलं, मॉनिटर, संमेलनात सूत्रसंचालन करणारी मुलगी, अशी यादी तयार होते. माझा याला विरोध आहे. मागच्या बाकावरचा, स्वतः चार वेळा मारामारीत सापडलेला मुलगा त्यात हवाच. वस्तीवरून चालत येणारी मुलगी हवी. मैदानावर ज्याचं चालतं तो हवा. एरवी बाकीच्या मुलांच्या नजरेत मिटवणारे बाईंचे हेर ठरतात आणि चुगलखोर म्हणून बाजूला पडतात. मिनेसोटा विद्यापीठातले डेव्हिड आणि रॉजर जॉन्सन हे बंधू तर निवडच करू नका म्हणतात. वर्गातल्या सगळ्या मुलांना शिकवा आणि मिटवण्याची पाळी आळीपाळीने सगळ्यांवर येऊ द्या. त्यांच्या अभ्यासात दिसलं की न शिकवलेली मुलं भांडणात आपलीच मागणी रेटत राहतात, धमकी देतात, नाहीतर शिक्षकांकडे धावतात. शिकवल्यावर त्यांची बोलण्याची रीतच बदलते. माझाही अनुभव हाच आहे की सर्वांत जास्त फायदा खुद्द मिटवणाऱ्याचा होतो. तो फायदा ठरावीक आठ-दहा मुलांपुरता का ठेवायचा?

या कामाचा इतिहास फार जुना नाही. १९७२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये क्वेकर पंथाच्या मंडळींनी शाळेतल्या मुलांना भांडण हाताळायला शिकवण्याचा उपक्रम सुरू केला. सॅन फ्रान्सिस्कोत १९७६ पासून मोहल्ल्यातली भांडणं शेजाऱ्यांनीच मिटवायची मंडळं होती. १९८० नंतर तीच पद्धत शाळेच्या मैदानावर आली. तिथून ती युरोपात पसरली.

मला त्यातलं उत्तर आयर्लंड सगळ्यात जवळचं वाटतं. डेरी हे शहर असं की त्याला डेरी म्हणायचं की लंडनडेरी, यावरूनही दोन तट. कॅथलिक मुलांच्या शाळा वेगळ्या, प्रॉटेस्टंट मुलांच्या वेगळ्या. रस्त्यावर सैन्य. १९९८ चा शांतता करार व्हायच्या आधीची ही गोष्ट. अल्स्टर विद्यापीठाच्या तिथल्या आवारातून जेरी टायरेल आणि त्यांचे सहकारी प्राथमिक शाळांत जात आणि दहा-अकरा वर्षांच्या मुलांना मैदानावरची भांडणं मिटवायला शिकवत. या पद्धतीवर टायरेल यांचं पुस्तक २००२ मध्ये प्रसिद्ध झालं. बाहेर मोठी माणसं एकमेकांशी बोलायला तयार नव्हती, त्या दिवसांत दहा वर्षांची मुलं दोन बाजू ऐकून घ्यायला शिकत होती. आपल्याकडे ‘मुलं अजून लहान आहेत’ असं म्हणणाऱ्यांनी डेरी आठवावं.

उपयोग किती होतो? कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतात चार्ल्स कनिंगहॅम आणि सहकाऱ्यांनी तीन प्राथमिक शाळांची मैदानं प्रत्यक्ष पाहून नोंदी केल्या. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मिटवणाऱ्या मुलांनी हात घातलेली सुमारे ९० टक्के भांडणं मिटली, मैदानावरची मारामारी ५१ ते ६५ टक्क्यांनी घटली, आणि वर्षाने पुन्हा पाहिलं तेव्हाही ती घट टिकून होती. यावर ‘तिथली मुलं वेगळी’ असं उत्तर मला शिक्षकांकडून मिळतं. मुलं वेगळी नसतात. तिथे मोठ्यांनी सातत्याने वेळ दिला होता.

आता ज्यासाठी मी मुख्यतः इथे उभी आहे, ती गोष्ट. प्रत्येक तक्रार हे भांडण नसतं.

पुन्हा नॉर्वेकडेच जाऊ. १९८२ च्या अखेरीस तिथे उत्तरेकडच्या भागात तीन मुलांनी आत्महत्या केल्या. शाळेतल्या सोबत्यांचा छळ हे त्यामागचं कारण असावं, असं पुढे आलं. देश हादरला आणि १९८३ मध्ये शाळांतल्या छळाविरुद्ध देशव्यापी मोहीम निघाली. डॅन ओल्वेअस या संशोधकाचं काम तिच्या पायाशी होतं. त्यांनी छळाच्या खुणा सांगितल्या: तो मुद्दाम केलेला असतो, पुनःपुन्हा होतो आणि दोन बाजूंची ताकद सारखी नसते. ही तिसरी खूण लक्षात ठेवा. चेंडूवरून झगडणारी दोन मुलं बरोबरीची होती. पण पाच जण मिळून एकाला रोज डिवचतात, त्याचा डबा लपवतात, त्याचा फोटो ग्रुपवर टाकून हसतात, तेव्हा ‘या, सतरंजीवर बसा, दोघंही आपापली बाजू मांडा’ असं म्हणणं हा त्या मुलावर दुसरा अन्याय आहे. त्याची ‘बाजू’ नसते. त्याने अर्ध्या वाटेवर कुठे यायचं? छळणाऱ्यासमोर बसून तो आमच्या समाधानासाठी सही करील आणि दुसऱ्या दिवशी जास्त मार खाईल.

केंब्रिजचे डेव्हिड फॅरिंग्टन आणि मारिया टोफी यांनी २००९ मध्ये छळविरोधी कार्यक्रमांच्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. समवयस्कांवर काम सोपवणाऱ्या कार्यक्रमांत छळ सोसणाऱ्यांचं प्रमाण वाढल्याचं त्यांना दिसलं. नंतरच्या आढाव्यांत चित्र इतकं सरळ राहिलं नाही, पण इशारा मला रास्त वाटतो. मध्यस्थी हे चांगलं साधन आहे, म्हणूनच ते कुठे चालवायचं नाही हे आधी ठरलेलं हवं.

आपल्याकडे ही रेघ आणखी ठळक हवी. जातीवरून बोललं गेलं असेल, तर ते भांडण नाही. मुलीच्या अंगाला हात लावला गेला असेल, तर ते भांडण नाही, तो गुन्हा आहे आणि २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे तो कळवणं बंधनकारक आहे. हत्यार, नशा, जिवाची भीती, घरातला मार, यांतलं काहीही सतरंजीवर निघालं तर मिटवणाऱ्या मुलाने तिथेच थांबून मोठ्या माणसाला बोलवायचं. गुप्तता इथे संपते, आणि हे पहिल्या दिवशी दोन्ही बाजूंना सांगितलेलं असलं पाहिजे. ‘आपापसात मिटवा’ या शब्दांखाली आपल्या समाजात किती बायकांचे आणि किती दुबळ्यांचे आवाज दाबले गेले, हे आपण जाणतो. शाळेत ते नव्याने सुरू व्हायला नको. महाराष्ट्रातल्या शाळांसाठी मार्च २०२२ च्या शासन निर्णयाने मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समित्या आल्या, तक्रारपेट्या त्याआधीपासून आहेत. त्या पेट्यांची कुलपं उघडली जावीत. मिटवणारी मुलं या समित्यांची आणि पेट्यांची जागा घेऊ शकत नाहीत.

मग महाराष्ट्रात हे काम आत्ताच का? शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेतली शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्हींवर बंदी घातली. कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. छडी गेली हे फार चांगलं झालं. पण छडीच्या जागी काय, हे शिक्षकांना कोणी शिकवलं नाही. कित्येक चांगले शिक्षक मला म्हणतात, ‘बाई, आता आम्ही फक्त ओरडतो, नाहीतर दुर्लक्ष करतो.’ ही रिकामी जागा आहे. बीड जिल्ह्यात २००९ मध्ये सुरू झालेल्या मूल्यवर्धन उपक्रमाने जोडीचर्चा आणि सहयोगी खेळ शेकडो जिल्हा परिषद शाळांत नेले. म्हणजे वर्गात मुलांनी मुलांशी बोलावं, याला जमीन तयार आहे.

आपल्याजवळ एक मोठा अनुभवही आहे. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम १५ ऑगस्ट २००७ ला सुरू झाली. आर. आर. पाटील तेव्हा गृहमंत्री होते. गावोगाव समित्या बसल्या, बांधावरून, पाण्यावरून चाललेले किती तरी तंटे खरोखर मिटले. मी ते जवळून पाहिलं आहे. पण मोहिमेला बक्षिसाची रक्कम जोडलेली होती. जिथे आकड्यावर बक्षीस मिळतं तिथे तंटा मिटण्यापेक्षा मिटल्याची नोंद होणं महत्त्वाचं ठरतं, आणि ज्याचं गावात चालत नाही त्याच्यावर सही करायचा दबाव येतो. शाळांनी या मोहिमेतलं चांगलं घ्यावं, बक्षीस घेऊ नये. ‘भांडणमुक्त शाळा’ असा फलक मला कुठल्याही फाटकावर नको आहे. ज्या शाळेत भांडणाची नोंदच नाही, तिथे मुलं आपल्याला काही सांगत नाहीत इतकाच त्याचा अर्थ.

खर्च किती? एक कोपरा, एक सतरंजी, एक वही, आठवड्याला दोन तास आणि हे काम मनापासून करणारे दोन शिक्षक. अवघड भाग खर्चाचा नाहीच. निकाल देण्याची सवय सोडणं अवघड आहे. मुलांनी काढलेला तोडगा आपल्याला पटला नाही तरी, त्यात कोणावर अन्याय होत नसेल तर, तो चालू द्यावा लागतो. ‘उसात गेला की आऊट’ हा नियम क्रीडाशिक्षकांना पटला नव्हता. त्यांनी तो चालू दिला, याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे.

पंधरा जूनच्या सुमारास शाळा उघडतील. इथे मुख्याध्यापक आहेत, शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य आहेत, पालक आहेत. माझी विनंती आहे: वर्षाच्या पहिल्याच पालकसभेत हा विषय घ्या. कोणत्या तक्रारी मुलांकडे जातील आणि कोणत्या कधीही जाणार नाहीत, याची यादी करून ती वर्गावर्गात वाचून दाखवा. सातवी ते नववीतली वेगवेगळ्या बाकांवरची मुलं निवडा, दिवाळीपर्यंत त्यांना नीट शिकवा, आणि दुसऱ्या सत्रात त्यांना मैदानावर सोडा. ज्यांना प्रशिक्षणासाठी मदत हवी आहे त्यांनी व्याख्यान संपल्यावर थांबावं. मी आणि माझे दोन सहकारी तुमच्या शाळेत यायला तयार आहोत.